एकाआड एक उन्हाळा

ती फुलपाखरांची जाळी मिटा हो, काही लागणार नाही त्यात — नाही, पावसामुळे नाही, थंडीमुळे नाही, वर्षच चुकलं तुमचं. बसा इथं पायरीवर. कॉफीत रेनडियरचं वाळलेलं मांस टाकलंय, आमच्याकडे अशीच पितात, चावून खा. तुम्ही शोधताय ते तपकिरी फुलपाखरू आमच्या दलदलीत एक उन्हाळा सोडून उडतं. का? अहो, आमचा उन्हाळा केवढा — डोळा लागला की संपला! तेवढ्यात अळी वाढणार कशी? दोन हिवाळे बर्फाखाली काढते, मग पंख. यंदा नुसत्या अळ्या, गवताच्या बुडाशी. कोणी शिकवलं? कोणी नाही. शाळा अर्धवट सुटली, मग कळपामागे फिरताना पोटावर पडून बघत राहायचो.

तुमच्यासारख्याच एक बाई आल्या होत्या, सरकारी. पहिल्या उन्हाळ्यात शेकडो मोजली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही नाही. झालं! म्हणाल्या, रेनडियरांनी तुडवली. ते समोरचं कुंपण दिसतंय ना, ते त्यांनीच घालायला लावलं, आमचा कळप बाहेर ठेवायला. आज्यापासून आमची जनावरं जूनमध्ये तिथं चरायची, पिल्लांना एवढं कोवळं दुसरीकडे कुठलं? निम्मा कळप कापावा लागला. वडील सुरी पुसत बसायचे. आणि पुढच्या उन्हाळ्यात कुंपणाआत ही फुलपाखरं — नुसता धुरळा! पण सही झालेला कागद कोण फाडतो?

कुंपणाआधी सभा झाली होती की. वडील तोडक्यामोडक्या फिनिश भाषेत भांडले, लोक गालात हसले. मग मी उठलो. बाई म्हणाल्या, "बोला ना, बोला." सगळी तोंडं माझ्याकडे. आणि मी काय बोललो? "खिडकी उघडू का?" वडील अजून सांगतात पाहुण्यांना — "आमचा बिएरा उठला, म्हटलं आता गाजवतो सभा, तर लेकाला उकडत होतं!" हसतात. हसू देत. त्यांना वाटतं माझ्यापाशी बोलायलाच काही नव्हतं. त्यांना कुठं ठाऊक की मला तेव्हाच — हे एकाआड एकचं सगळं तेव्हाच ठाऊक होतं, एक वाक्य पुरलं असतं, एकच, आणि मी —

हळूच बोलतोय. आत वडील झोपलेत.

झोपलेत ना? मघाशी घोरत होते, आता ऐकू येत नाही.

ही आपल्या पाठीमागची खिडकी... कधीपासून उघडी आहे?

कप राहू द्या. उठा. निघा तुम्ही.