तोफ घेतली, बंब राहिला

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शहराचे नगराध्यक्ष. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते छावणीचे प्रमुख कर्नलसाहेब. त्यांच्याबरोबर आलेले अधिकारी आणि जवान. व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले कृतज्ञता समितीचे सन्माननीय सदस्य. पहिल्या रांगेत बसलेल्या अध्यक्षांच्या मातोश्री. आणि समितीच्या नातेवाइकांना खुर्च्या दिल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे शेजारीपाजारी, बंधू आणि भगिनींनो,

मी छावणीच्या दरवाजासमोरचा शिंपी. आजोबांपासून आमच्या घरात फौजेच्या वर्द्या शिवल्या जातात. कार्यक्रमात माझ्या नावापुढे ‘वेळ उरल्यास’ असं लिहिलं होतं. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, म्हणून वेळ उरला. त्यांचे मी मनापासून आभार मानतो. ते असेच न येत राहोत.

उद्या सकाळी छावणी इथून हलणार. जाता जाता मला साहेबांकडे एक गोष्ट मागायची आहे, ती म्हणजे त्यांचा जुना आगीचा बंब. पण मागण्याआधी कौतुक करायची रीत आहे, तेव्हा आधी थोडं कौतुक.

छावणी आली तेव्हा शहर नदीपलीकडे होतं. आजोबा सांगायचे, शहरातल्या थोरामोठ्यांनीच तेव्हा सरकारला विनंती केली होती, फौज आमच्या रक्षणाला हवी, पण जरा लांब हवी. पहाटेच्या बिगुलाने झोपमोड होते. म्हणून बिचाऱ्यांनी या उजाड माळावर तंबू ठोकले. पुढे गाड्या नेण्यासाठी त्यांनी नदीवर पूल बांधला, आणि त्याच पुलावरून शहर चालत आलं नि छावणीच्या कुंपणाला पाठ लावून बसलं. घरांच्या जाहिराती आठवतात का? ‘लष्करी शिस्तीच्या सान्निध्यात निवांत जीवन!’ राहायला गेल्यावर आपल्याला कळलं की छावणीत सकाळी कवायत होते आणि कवायतीचा आवाज होतो. केवढा हा अन्याय! लगेच ‘छावणी हटाव समिती’ निघाली. तिचे अध्यक्ष कोण होते? जाऊ द्या, आजचा दिवस गोड बोलण्याचा आहे. एवढंच सांगतो, की हटाव समितीची कृतज्ञता समिती झाली तेव्हा फक्त फलक बदलावा लागला.

मघाशी एका वक्त्यांनी विचारलं, छावणीने आपल्याला काय दिलं? आणि स्वतःच डोळे मिटून उत्तर दिलं, देशप्रेम! खरं आहे. शिवाय तार दिली. शहरातल्या निम्म्या गच्च्यांवर कपडे ज्या तारेवर वाळतात ती छावणीच्या कुंपणाची आहे. कुणी विकत आणली असेल तर हात वर करा. पाहिलंत साहेब, किती प्रामाणिक माणसं आहेत? एकही हात नाही. पूर आला तेव्हा होड्या दिल्या. होड्या त्यांच्या, चिखल आमचा, आणि वर्तमानपत्रात फोटो समितीचा.

आणि आग लागली की बंब दिला. आता नगरपालिकेकडे बंब नाही असं कुणी म्हणू नये, अध्यक्षांचं मन दुखावेल. बंब आहे. रंग तर इतका छान आहे की बघत राहावं. फक्त तो धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही, आणि धक्का मारणारी माणसं आगीच्या वेळी आग बघायला गेलेली असतात.

दोन उन्हाळ्यांमागे, छावणीच्या दरवाजासमोरच्या आमच्या दुकानांच्या ओळीला लागून असलेलं गाद्यांचं गोदाम पेटलं. गोदाम आपल्या अध्यक्षांचं. वरच्या मजल्यावर त्यांचं जुनं घर, आणि घरात मातोश्री एकट्या. गादीचा कापूस कसा जळतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. ज्वाळा कमी आणि धूर इतका की शेजारचा माणूस दिसेना. अध्यक्ष रस्त्यावर उभे राहून नगरपालिकेला फोन लावत होते. तिकडून उत्तर आलं, ‘साहेब, बॅटरी उतरलीय, तुम्ही काळजी करू नका.’ इतक्यात छावणीचा दरवाजा उघडला आणि बंब आला. कुणी बोलावलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या जवानाला धूर दिसला, बस्स. बंबावरचे ते मिशीवाले हवालदार, आज मागे उभे आहेत, ते खिडकीतून आत शिरले. बाहेर आले तेव्हा मातोश्री त्यांच्या पाठीवर होत्या आणि ओरडत होत्या, ‘मेल्या, चपला राहिल्या माझ्या!’ 

हसा, हसा. मीही हसतो. पण त्या दिवशी मी हसलो नव्हतो. गोदामाची नि आमची भिंत एक. भिंतीपलीकडे माझं दुकान, कापडाचे तागे, आणि वर आमचं बिऱ्हाड. माझी सून तेव्हा बाळंतीण होऊन आठवडाही झाला नव्हता. भिंत इतकी तापली होती की हात लावता येईना. बंबाचं पाणी तिच्यावर पडलं आणि वाफ निघाली, तेव्हा मी रस्त्यात मटकन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

आता मुख्य मुद्दा. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेलाय, तेव्हा लवकर सांगतो. छावणी हलवताना जुनी झालेली एक वस्तू आठवण म्हणून शहराला देता येते. कर्नलसाहेबांनी समितीला विचारलं, तोफ हवी की बंब? तोफ निकामी. बंब जुना, पण चालू. तुम्ही-आम्ही काय मागितलं असतं? पण आपण पडलो साधी माणसं. समितीने दूरदृष्टीने तोफ मागितली.

का? तर बंब चौकात शोभत नाही. मग समितीच्या बैठकांवर बैठका झाल्या. बंबावर नाही हो, तोफेचं तोंड कुणाकडे करायचं यावर! बाजाराकडे केलं तर व्यापारी नाराज. शाळेकडे केलं तर पालक नाराज. नगरपालिकेकडे करायला सगळे तयार होते, म्हणून ते करता आलं नाही. शेवटी तोंड दरवाजाच्या ओळीकडे, म्हणजे आमच्याकडे करायचं ठरलं, कारण समितीत आमचं कुणीच नाही. चबुतरा बांधून झाला, भोवती साखळीही आली. मी समितीतल्या एका सदस्यांना विचारलं, ‘दादा, आग लागली तर?’ ते म्हणाले, ‘तुम्ही फार नकारात्मक विचार करता बुवा.’

करतो खरा. आमच्या ओळीत खाली दुकानं, वर माणसं, आणि जिना लाकडाचा. नातू आता घरभर धावायला लागलाय. उद्यापासून समोरचा दरवाजा बंद, पहारेकरी नाही, बंब नाही. मला भीती वाटते, अध्यक्ष महोदय. याला नकारात्मक विचार म्हणा, नाहीतर म्हातारचळ म्हणा, मला भीती वाटते.

वाजवा, वाजवा घंटा. मी एकच प्रश्न विचारून बसतो. साहेब, तोफेऐवजी बंब ठेवता येईल का अजून? साहेब मान हलवताहेत. काय म्हणालात? समितीने आत्ता सांगितलं तरी चालेल? ऐकलंत ना मंडळी? म्हणजे आता प्रश्न फक्त अध्यक्षांचा, समितीचेही अध्यक्ष तेच. अध्यक्ष उठून म्हणताहेत, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. जरूर घ्या. गाड्या उद्या सकाळी निघताहेत, बैठक पुढच्या महिन्यात आहे. बंबाला निरोप पाठवू, थांब म्हणून.

एक मिनिट. मातोश्री, तुम्ही का उठलात? बसा, बसा, पाय दुखतील. कुणीतरी त्यांना हात द्या. नको? बरं, बोला, मी ऐकतोय.

माइक तिथवर पोचत नाही, म्हणून मागच्यांसाठी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो. मातोश्री अध्यक्षांना म्हणाल्या, ‘त्या दिवशी तोफ आली असती तर आज माझ्या फोटोला हार घालून इथे भाषण करत असतास. हो म्हण आणि खाली बस.’

अध्यक्ष खाली बसले आहेत. त्याआधी ते हो म्हणाले, हे सभागृहाने ऐकलं आहे आणि साहेबांनीही ऐकलं आहे.

कर्नलसाहेब, तुमच्या माणसांना आम्ही कधी धड धन्यवाद दिले नाहीत. ते आज देतो, आणि लाज वाटते म्हणून मान खाली घालून देतो. हवालदारसाहेब, तुम्हाला घरच्या माणसासारखा नमस्कार. शिंप्याची जीभ कात्रीसारखी चालते. कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या, आणि चुकलंमाकलं पोटात घाला.

मी आता उतरतो. हवालदारसाहेब, माझा मुलगा बाहेर उभा आहे, त्याला आजच बंब चालवायला शिकवा.