कंपनी फिटिंग

(गाड्यांच्या स्टिरिओचं दुकान. गाडीचं पुढचं दार उघडं आहे. डॅशबोर्डात नवा सेट नुकताच बसला आहे.)

सासरे — मी एवढंच विचारतोय. वायरी कापल्यात की नाही?

फिटर — एकही नाही, काका. टॉर्च देतो, वाकून बघा.

सासरे — वाकता येत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? जावईबापू, तुम्ही बोला. घरातून सांगून निघालात, गाडी धुऊन आणतो. फोन उचलत नाही. शेवटी लेकीनं, बेबीनं पत्ता दिला, टॅक्सी करून आलो. बघतो तर काय, गाडीचा जबडा उघडा.

जावई — धुतली, मग इकडे आणली. दोन वाजता तुमचं डायलिसिस. एकला निघालो तरी वेळेत पोचतो. मी घरी घ्यायला येणारच होतो.

सासरे — जुना टेप काय वाईट होता?

जावई — एक स्पीकर फाटला होता. बाकीच्यांतून नुसती खरखर.

सासरे — मला तर स्वच्छ ऐकू यायचं.

जावई — तुम्ही वर मशीनला असता, अप्पा. मी खाली पार्किंगमध्ये बसतो. चार तास, आठवड्यातून तीनदा. तेवढ्यासाठी घेतला. माझ्या पैशानं.

सासरे — पैसे कुणाचे, हे मी विचारलं का? घरात एवढा मोठा टीव्ही आहे, तो बघावा माणसानं.

जावई — त्याचा रिमोट तुमच्या उशाखाली असतो.

फिटर — काका, रागावू नका. या दादांसारखं गिऱ्हाईक मी बघितलं नाही. बाकीचे म्हणतात, काप, जोड आणि मोकळं कर लवकर. यांचं पहिल्यापासून एकच, मूळ वायरिंगला कात्री लागता कामा नये. म्हणून हा कपलर मागवला. एक तोंड कंपनीच्या सॉकेटात, दुसरं नव्या सेटमध्ये. मध्ये चिकटपट्टीसुद्धा नाही. स्टिअरिंगवरची बटणंही चालतात.

सासरे — आणि जुना सेट?

फिटर — हा काय, खोक्यात. स्क्रूसुद्धा पिशवीत वेगळे ठेवलेत. कधी वाटलं तर अर्ध्या तासात गाडी शोरूममधून आल्यासारखी करून देतो.

सासरे — मग द्या.

फिटर — काय?

सासरे — जुना परत बसवा. अर्धा तास म्हणालात ना?

जावई — का, अप्पा?

सासरे — गाडी होती तशी हवीये. धाकटा मुलगा येतोय रविवारी, न्यायला.

जावई — न्यायला म्हणजे?

सासरे — न्यायला म्हणजे न्यायला. मागच्या आठवड्यात त्याच्या नावावर केली मी.

जावई — तुम्ही मला म्हणाला होतात, गाडी तुमचीच समजा. सगळ्यांसमोर.

सासरे — म्हणालो की. आणि समजलातच इतकी वर्षं. पेट्रोलचा हिशेब मागितला कधी मी?

जावई — पेट्रोल मी भरतो.

सासरे — तेच म्हणतोय. मग हिशेब कसला मागणार?

फिटर — मी जरा चहा सांगून येतो.

सासरे — चहा नको. मला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. तुम्ही काम करा.

जावई — त्याच्याकडे दोन गाड्या आहेत, अप्पा.

सासरे — चालवायला नकोच आहे त्याला. विकणार आहे. धंद्यात थोडा अडकलाय. आणि विकायची म्हटलं की गिऱ्हाईक आधी विचारतं, कंपनी फिटिंग आहे ना? उगाच भाव पडायला नको.

जावई — आणि सोमवारी तुम्हाला हॉस्पिटलला कशातून न्यायचं?

सासरे — ते तुम्ही बघालच काहीतरी. आजवर बघितलंतच.

जावई — बेबीला माहीत आहे?

सासरे — आहे ना.

जावई — कधीपासून?

सासरे — कागद झाले तेव्हापासून. सकाळी तीच म्हणाली, आज सांगू नका. हॉस्पिटलचं उरकू दे, मग निवांत सांगा. तिला वाटलं, गाडी चालवताना तुमचं डोकं फिरायला नको.

जावई — बरोबर आहे. तुमच्या जिवाचा प्रश्न.

सासरे — हे असं तिरकं बोलायचं! घरजावई म्हणून राहिलात, तेव्हा एका पैशाचं भाडं मागितलं का मी?

जावई — नाही. मागत नाही, हे मात्र येईल त्या पाहुण्याला सांगता.

सासरे — बरं, मला एक सांगा. गाडी तुम्हाला मिळणार अशी खात्री होती ना? मग वायरी कापू का दिल्या नाहीत? माणूस स्वतःच्या वस्तूला इतकं जपतो?

जावई — खात्री होती. पण सवय जात नाही. तुमच्या भिंतीत एक खिळा मारायचा, तर मी तीन जणांना विचारतो. आपण गेल्यावर मागे भोक राहू नये, असं आपोआप वाटतं.

फिटर — दादा, काय करू मग? काढू?

जावई — काढा. गाडी त्यांची आहे.

फिटर — कपलर निघाला की झालंच. मनाला मात्र बरं नाही वाटत. आणि दारांतले नवे स्पीकर?

सासरे — ते राहू देत. ते पॅडच्या आत आहेत, दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला आवाजही बरा वाटेल.

जावई — स्पीकर पण काढा.

सासरे — अहो, एवढ्यातेवढ्यावरून काय?

जावई — चारही दारांतले काढा. फाटलेला होता तोसुद्धा जागच्या जागी बसवा. मूळचं म्हणजे मूळचं.

फिटर — दारांची पॅडं खोलायची तर दीड तास जाईल, दादा.

सासरे — दीड तास? माझी दोनची वेळ आहे! ती चुकली तर रात्रीपर्यंत नंबर लागत नाही.

जावई — तुमची वेळ चुकणार नाही. टॅक्सी बोलावलीये, पाच मिनिटांत येईल.

सासरे — मी एकटा जाऊ?

जावई — धाकट्याला फोन करा.

सासरे — तो दिवसा उचलत नाही.

जावई — मग बेबीला करा.

सासरे — तिला ऑफिसातून निघता येत नाही, माहितीये तुम्हाला. अहो, मशीनवरून उठलो की पाय लटपटतात माझे. तिथली माणसं दारापर्यंत सोडतात आणि वळतात. पुढे धरायला कुणीतरी लागतं.

जावई — लागतं.

सासरे — मग?

फिटर — दादा, टॅक्सी आली. हॉर्न देतोय.

सासरे — आणि गाडी? ती इथून कोण नेणार?

जावई — किल्ली यांच्याकडे ठेवलीये. गाडीच्या नव्या मालकाला न्यायला सांगा. मी त्या स्टिअरिंगला आता हात लावणार नाही.

फिटर — आणि तुमचं सामान, दादा? सेट, स्पीकर?

जावई — बांधून ठेवा. संध्याकाळी नेतो.

सासरे — अहो, पायरी उंच आहे. जरा हात द्या. हां. बसलो. लावा दार.

जावई — आत सरका थोडे. मीही मागेच बसतो.