बाईंच्या निरोपासाठी उपटलेला शेवगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बाळासो, व्यासपीठावरचे तालुका आरोग्य अधिकारी साहेब, सत्कारमूर्ती चंदनबाला मगदूम, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या नर्सबाई, आणि जमलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

सत्कार समितीचा निमंत्रक म्हणून, बाईंना निरोप देताना त्यांचं कौतुक करायला मी उभा राहिलो आहे. खरं सांगू? आज हा माईक दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर बरं झालं असतं.

बाई सांगलीकडून आपल्या उपकेंद्रात आल्या, तेव्हा गावात एकाच्याही दारात शेवगा नव्हता. दारात शेवगा म्हणजे घरात भांडण, ही आपली समजूत. आणि घराघरातल्या लेकीसुना मात्र पांढऱ्याफटक! माझी बायको संयोगिता तेव्हा पोटुशी होती. बाई रक्तवाढीच्या गोळ्या द्यायला आल्या त्या शेवग्याचं रोप घेऊनच. आमची आई, मनुबाई, उंबऱ्यातच आडवी आली. "आवं बाई, दारात नगं त्ये, भांडणं लागत्यात!"

"मावशी, मी रस्त्यापासनं ऐकत आले," बाई म्हणाल्या. "भांडान तर शेवग्याबिगार चालूच हाय की!"

आईला हसू आवरेना. रोप लागलं.

पुढचं तुम्ही जाणताच. कोवळा पाला आमटीत, थालीपिठात, भाकरीच्या पिठात. उरलेला सावलीत वाळवून त्याची भुकटी पोरांच्या वरणात. झाड छातीला लागलं की शेंडा खुडायचा, म्हणजे शेंगा हाताशी येतात, आणि शेंगा संपल्या की छाटायचं, हे बाईंनी दारोदार फिरून शिकवलं. आज शेवग्याशिवाय एक दार दाखवा मला गावात! अंगात रक्त नाही म्हणून बाळंतिणीला साताऱ्याला पळवायची वेळ आता क्वचित येते.

बाईंनी स्वतःच्या हाताने लावलेला पहिला शेवगा या उपकेंद्राच्या फाटकात होता. कुठे आहे तो?

काल मांडव घालताना कुणीतरी म्हणालं, "शुभकार्याच्या दारात शेवगा बरा दिसत न्हाई. मोठं पावणं येणार हाईत." समितीची सगळी माणसं तिथेच उभी होती. प्रत्येकाच्या घरी शेवगा. एकजण तरी 'राहू द्या' म्हणाला का? मी म्हणालो का? बरं, शेवगा कितीही छाटला तरी फुटतो, हे बाईंनीच शिकवलेलं. म्हणून आम्ही जेसीबी लावून तो मुळासकट काढला आणि खड्ड्यावर केळीचे खांब उभे केले.

सकाळी बाई आल्या आणि त्या खांबांपाशी थांबल्या. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण त्यांनी एवढंच विचारलं, "नानासो, पाला तरी घरोघरी वाटला का?"

पाला आम्ही ओढ्यात फेकला होता. बाई, लाज वाटते हो. तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या, तर आज मला दोन घास तरी गोड लागले असते.

भाषण आवरताना 'चुकलंमाकलं पोटात घाला' म्हणायची रीत आहे. तुम्ही ते लगेच घालाल, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मागायला जीभ उचलत नाही. अध्यक्षांच्या हातात शाल तयार आहे. नको म्हणणाऱ्याला आग्रह करकरून सत्काराला उभं करायची आपल्याला सवय आहे. आज कुणीही आग्रह करणार नाही. ही शाल आमच्या हातून घ्यायची की नाही, हे बाई, तुम्ही ठरवा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे.