खिडकीसमोरची रिंक

(ब्रेस्सानांच्या ग्राझिएल्लाचं लग्न होऊन ती व्हँकुव्हरला गेली, त्या सालचा ऑक्टोबर. कॅनडातल्या थंडर बे गावातली खालची बाग; हिवाळ्यात पोरांच्या स्केटिंगसाठी पाणी गोठवून रिंक कुठे घालायची, यावर वाद चाललाय. बंदरावरच्या धान्याच्या कोठारातून निवृत्त झालेला एर्कोले ब्रेस्सान आणि त्याची शेजारीण आयनो लेहतिनेन.)

एर्कोले : आणि वारा? वाऱ्याचं काय? वरच्या बागेत सरोवरावरून जो वारा सुटतो, तो वाटेत कुठे थांबत नाही. पोरांच्या नाकांचे शेंडे गळून पडतील, आयनो. आया टोपल्या घेऊन वेचायला येतील.

आयनो : इतकी वर्षं कुणाचं नाक गळलं?

एर्कोले : नशीब त्यांचं. आता इथं बघ. नळ जवळ. दिव्याचा खांब जवळ. जमीन कशी तळहातासारखी. आणि गवत बघ! सगळ्या गावात गवत पिवळं पडलं, इथं मात्र गालिचा. जमीन म्हणतात ती ही. म्हणून रिंकच्या खुंट्यासुद्धा मारून मोकळा झालो.

आयनो : बघितल्या. सकाळी स्वयंपाकघरातून बघितल्या. हसता हसता कॉफी सांडली माझी.

एर्कोले : हसण्यासारखं काय आहे त्यात?

आयनो : ऑक्टोबरात गवत हिरवं का राहतं?

एर्कोले : जमीन कसदार आहे म्हणून.

आयनो : इकडे ये. हे माझं कुंपण. आतली ती लाकडी खोली कसली?

एर्कोले : तुझी सौना. दर शनिवारी तुम्ही फिनिश लोक तिच्यात बसून बटाट्यासारखे उकडून निघता. हे काय मला नवीन आहे?

आयनो : आणि अंगावर ओतलेलं गरम पाणी कुठे जातं?

एर्कोले : जात असेल कुठेतरी. मला काय करायचंय... थांब. इथून?

आयनो : इथूनच. माझ्या नवऱ्यानं, वाइनोनं, हयात असताना मोरी काढून दिली होती. तुझ्या खुंट्यांच्या बरोब्बर खालून जाते. शनिवारी माझी बहीण येते, तिच्या मुली येतात, सुना येतात. रविवारी सकाळी पोरं हॉकी खेळायला येतील, तेव्हा रिंकच्या मधोमध लांबलचक डबकं असेल. बदकं सोड त्यात.

एर्कोले : मग शनिवारची अंघोळ बंद ठेवा.

आयनो : काय म्हणालास?

एर्कोले : फक्त हिवाळाभर गं. गावाच्या पोरांसाठी.

आयनो : फिनिश बाईला सांगतोस, शनिवारी सौना तापवू नकोस? त्यापेक्षा तुझ्या पाद्र्याला जाऊन सांग, रविवारी देवळाला कुलूप लाव.

एर्कोले : बरं, बरं, चिडू नकोस. मग रिंक तिकडे सरकवू. त्या झाडांच्या अलीकडे.

आयनो : तिथं दिवसभर ऊन. दक्षिणेला आडोसा म्हणून काही नाही. फेब्रुवारीत पोरांना स्केट नाहीत, होड्या लागतील.

एर्कोले : ताडपत्री बांधू! माझ्याकडे जहाजावरची आहे. एवढी मोठी की तुझं घर झाकेल.

आयनो : एर्कोले, वरच्या बागेतली रिंक इतकी वर्षं कोण घालत होतं?

एर्कोले : मी.

आयनो : तिथं शाळेच्या भिंतीची सावली कुठवर येते, हे मला कुणी शिकवलं?

एर्कोले : मीच. बोलून गेलो असेन.

आयनो : वाऱ्यानं बर्फ काचेसारखा धरतो, हे कोण सांगायचं?

एर्कोले : तू वकील व्हायला हवी होतीस. जंगलातल्या लाकूडतोड्यांना पेज वाढण्यात जन्म फुकट घालवलास.

आयनो : पेज चांगली असायची. आता खरं काय ते बोल. नगरपालिकेची नदीन चार वाजता येणार. यंदा या भागाला एकच रिंक. आपण एका तोंडानं जागा सांगितली नाही तर ती जाईल नदीपलीकडच्या बागेला, आणि तिकडचे लोक वर्षभर आपल्याला चिडवतील.

एर्कोले : म्हणूनच म्हणतो, तू एका तोंडानं माझं म्हणणं सांग.

आयनो : पिआची खिडकी, हो ना? बायकोला बसल्या जागी दिसावं म्हणून.

एर्कोले : डावी बाजू गेल्यापासून ती त्या खुर्चीत बसून आहे. दोन वर्षं. आता पोरगीही लग्न होऊन गेली. खिडकीतून काय दिसतं तिला? तुझं वाळत घातलेलं धुणं. शेजारच्या कोवाल्चुकचं लंगडं कुत्रं. संपलं. रिंक इथं झाली तर पोरं दिसतील, पडणारी, उठणारी, भांडणारी. आणि मी नळी धरून उभा असलो तरी माझी नजर तिच्यावर राहील. तिनं हात हलवला की मी घरात. वरच्या बागेतून मला काय दिसणार? धुराडं?

आयनो : हे आधी सांगायचं.

एर्कोले : आता सांगितलं ना. मग? नदीनला खालची बाग सांगायची?

आयनो : नाही. वरचीच.

एर्कोले : दगड आहेस! तुमच्या देशात बायका खाणीतून काढतात का?

आयनो : चल आत. पिआला विचारू.

एर्कोले : तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं!

आयनो : म्हणूनच विचारू.

* * *

पिआ : बूट! आधी बूट काढा दोघांनी. अर्धी बाग घेऊन आलात पायांना लावून. आयनो, बस. एर्कोले, तू हरलास का?

एर्कोले : कोण म्हणतं?

पिआ : खिडकीतून बघत होते. शेवटी शेवटी तुझे दोन्ही हात आभाळाकडे होते. जिंकत असलास की एकच हात वर जातो.

आयनो : मोरीवर हरला.

पिआ : मोरीचं सांगितलंस? अगं, ते राखून ठेवायचं ठरलं होतं ना आपलं!

एर्कोले : ठरलं होतं? कुणाचं ठरलं होतं?

पिआ : हे बघ, आता आरडाओरडा करू नकोस. वरच्या बागेसाठी भांड, असं आयनोला मीच सांगितलं.

एर्कोले : कट! माझ्या घरात कट! माझ्याच दुधातली कॉफी पिऊन!

आयनो : दूध माझं होतं. तुझं नासलं होतं.

एर्कोले : पिआ, रिंक तुझ्यासमोर असती. रोज नवीन काहीतरी दिसलं असतं.

पिआ : आणि हॉकीची लाकडाची चकती दिवसभर कडेच्या फळ्यांवर दाण दाण आपटली असती. माझं डोकं का लोखंडी आहे?

एर्कोले : चकती रबराची असते.

पिआ : आवाज लाकडाचाच येतो.

आयनो : पिआ, खरं कारण सांग त्याला. मी आता भांडून दमले.

पिआ : सांगते. एर्कोले, तू कोठारावरून घरी यायचास तेव्हा काय करायचास?

एर्कोले : जेवायचो.

पिआ : त्याच्या आधी. एक बूट पायात, एक हातात, आणि तोंड सुरू. कुणाची टोपी गव्हात गेली, मुकादमाच्या डब्यात उंदीर निघाला, त्या ग्रीक कप्तानाच्या खांद्यावर माकड होतं...

एर्कोले : होतं! मी डोळ्यांनी पाहिलं!

पिआ : असेल. मी ओरडायचे, मक्याचा पोलेंटा थंड होतोय, बस आता. पण एक शब्द सोडायचे नाही. रात्री पोरीला झोपवताना तेच सांगायचे तिला, आणखी तिखटमीठ लावून. आणि आता दोन वर्षं तू काय सांगतोस मला? सकाळी सांगतोस, कॉफी झाली. दुपारी सांगतोस, सूप झालं. मला ठाऊक आहे सूप झालं, एर्कोले. मी इथेच बसलेय. मलाही वास येतो.

एर्कोले : तुला सोडून कुठे जाऊ?

पिआ : तेच तर. कुठेच जात नाहीस, मग काय सांगणार? दोघं बसतो आणि कोवाल्चुकचं कुत्रं बघतो. त्यालासुद्धा आता संकोच वाटतो. आणि समोर रिंक घातलीस तर तू बघशील तेच मी बघेन. मग तू आत येऊन मला सांगशील काय? टेकडी चढ. नळी धर. रिंकजवळच्या खोपटात शेगडीपाशी बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर बस, चावट बोल. मग खाली ये आणि मला सांग.

एर्कोले : आणि मी वर असताना तू पडलीस तर?

आयनो : मी बसेन इथे विणकाम घेऊन. मोजे लागतातच माझ्या नातवंडांना. फक्त शनिवारी नाही जमणार.

पिआ : शनिवारी मी येईन तुझ्या सौनात. इतकी वर्षं शेजारी राहिले, कधी बोलावलं नाहीस.

आयनो : बोलावलं होतं. तू म्हणालीस, उघड्या बायकांच्या घोळक्यात मी पाऊल टाकणार नाही, देव बघतो.

पिआ : तेव्हा तरुण होते. आता देवालाच काय बघायचं ते बघू दे.

एर्कोले : हिला तिथं नेणार कोण? पायरी उंच आहे.

आयनो : माझ्या सुना. एकेक सून तुमच्या कोठारातल्या पोत्यांसारखी आहे. ही तर त्यांच्या एका हातात मावेल.

एर्कोले : म्हणजे तुमचं सगळंच ठरलंय.

पिआ : सगळं नाही. नदीनला सांगायचं तुझ्यासाठी ठेवलंय. जा, मोटार थांबली बघ. आणि स्वतःचीच कल्पना असल्यासारखं सांग, तुला जमतं ते.

एर्कोले : वाऱ्याचं सांगतो तिला. वाऱ्यानं बर्फ काचेसारखा धरतो.

आयनो : आणि नाकांचं?

एर्कोले : नाकं मजबूत असतात इकडच्या पोरांची. टोपी कुठे आहे माझी?

* * *

एर्कोले : पिआ! पिआ, ऐक, आज काय झालं...

पिआ : बूट! आणि दार लाव, जानेवारी आत येतोय. आयनो, भुवया बघ याच्या. दोन पांढरी मांजरं बसलीत.

एर्कोले : मांजरं राहू दे. कोवाल्चुकचे दात गेले!

आयनो : कसे गेले? मारामारी झाली?

एर्कोले : मारामारी कसली! खोटे दात. मी बर्फावर पाण्याचा थर सोडत होतो, तो कडेला उभा राहून मला अक्कल शिकवत होता. इकडे कमी, तिकडे जास्त. आणि एक शिंक आली. अशी शिंक, की शाळेच्या घंटेला कंप सुटला. वरची कवळी उडाली ती थेट ताज्या पाण्यात. काढायला जाईपर्यंत वर बर्फ धरला. काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी दिसते. हसतेय!

पिआ : मग फोडा ना बर्फ.

एर्कोले : तेच म्हणालो. कुऱ्हाड आणली. तर कोवाल्चुक हात पसरून आडवा! बोळक्या तोंडानं म्हणतो, "होख हालाय वफ." म्हणजे, चोख झालाय बर्फ, खबरदार खड्डा पाडलात तर. एप्रिलपर्यंत मी सूप पिऊन राहीन.

आयनो : शहाणा आहे. माझ्याकडे पाठव. वाटाण्याचं सूप आहे.

एर्कोले : पोरांनी त्या जागेचं नावसुद्धा ठेवलं. चकती तिथून पुढे गेली की ओरडतात, दातांच्या पलीकडे! दातांच्या पलीकडे! आणि शाळेतल्या सिस्टर आल्या, वाकून बघितलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

पिआ : यातलं खरं किती?

एर्कोले : निम्मं.

पिआ : कुठलं निम्मं?

एर्कोले : ते नाही सांगणार.

पिआ : नको सांगूस. सिस्टरच्या पायात स्केट होते का?

एर्कोले : होते. काळे. भावाचे असावेत.

पिआ : आयनो, जरा उशी सरकव गं पाठीशी. हं. आता पहिल्यापासून सांग. आणि शिंक नीट करून दाखव.

* * *

एर्कोले : हॅलो? हो, ब्रेस्सानच बोलतोय. नदीन ना? ओळखला आवाज, बेटा... हो, ऑक्टोबर आला, तुझा फोन येणार हे ठाऊक होतं... यंदाही वरच्याच बागेत. शाळेच्या भिंतीलगत. सगळ्या शेजाऱ्यांना विचारलंय, यंदा भांडण नाही... नळी मीच धरणार, दुसरं कोण? कोवाल्चुकला जवळ फिरकू द्यायचं नाही असं ठरलंय... आयनोला काय होतंय? कालच मला दारूबाज म्हणाली. आणि वेलदोड्याचा पाव पाठवलाय तुझ्यासाठी, आलीस की घेऊन जा... घरी? घरी मी एकटाच असतो... नाही, तुला कळायचं कसं, तुमचं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला. पिआ गेली, बेटा. मार्चमध्ये. संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, सकाळी.