न पाठवलेला घोडा

नव्याण्णव साल. कुंभकोणमच्या इंटरनेट सेंटरात सगळी रांग तमिळ बोलत होती. पाठीमागून घरच्यासारखी जुनी मराठी ऐकू आली, तशी रांगेतल्या जयलक्ष्मीने कान टवकारले.

"मामा, ह्या खेळीत घोडा त्याला मारायला द्या. कम्प्यूटरला विचारलं मी."

"स्पर्धेत तें चालत नाहीं, रघुपती."

"ईमेलवरच्या बुद्धिबळात कोण बघतंय?"

"अरे, घोडा मलाही कालच सुचला होता!"

"मग पाठवा की!"

"तूं बोललास, आणि ती खेळी माझी राहिली नाहीं. आतां प्यादें पाठवतों."

"अय्यो! प्याद्यानं हराल!"

"हरीन. पण मीच हरीन."

"आणि समोरचा कम्प्यूटरला विचारत असला तर?"

"मग जिंकला तरी तो कुठें जिंकला?"

जयलक्ष्मीचा नंबर आला. ती बाजूला सरकली आणि मराठीतच म्हणाली, "मामा, आधी तुम्ही बसा."