‘ठिणगी’ दुकानावर

अक्षरांना स्वभाव असतो, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलंय. आता पुढचं ऐका.

अमरावतीत आमच्या वस्तीतल्या शाळेला लागून असलेलं दारूचं दुकान हटवा म्हणून आम्ही मोर्चे काढतोय. त्यातल्या फलकांसाठी मी ब्रशने जाड, तिरकी, चिडलेली अक्षरं काढली. मग त्यांचा फॉन्ट केला, नाव ठेवलं ‘ठिणगी’. इतर चळवळींनाही उपयोगी पडावा म्हणून इंटरनेटवर फुकट टाकला.

परवा मोर्चा दुकानापुढे पोचला आणि मी वर पाहिलं. दुकानाची नवी कोरी पाटी ‘ठिणगी’त होती!

मी थेट गल्ल्यापाशी गेले. “मालक, ही अक्षरं माझी आहेत!”

“हो का, ताई? लय दमदार हायेत. माही जुनी पाटी कोनाले दिसतच नोती. तुमचे बोर्ड चौकातून वाचता येत होते. फ्लेक्सवाल्याले म्हटलं, मले तसंच पायजे.”

“अहो, ती दारूच्या विरोधातली अक्षरं आहेत!”

“मंग फुकट काहून ठेवली? कोनीबी घ्या, कशालेबी वापरा, असं तुमीच लिहून ठेवलं हाय म्हणे.”

लिहिलं होतं. मीच.

मागे वळून पाहिलं. आमचे सगळे फलक आणि त्याची पाटी एकाच घरची दिसत होती.

मालक पुढे वाकून हळूच म्हणाला, “ताई, तुमी आता दुसरी अक्षरं घ्या बरं. पाटी लावल्यापासून गिऱ्हाईक मले इचारून राहिले, मोर्चाबी तुमचाच हाय का म्हून.”