चाल मंदावते तिथे

(घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुपार. टेबलावर एक उघडलेलं घड्याळ, शेजारी छोटा स्पीकर.)

बाबा : दुकान झाडलंस, चहा आणलास, आता गाणीही ऐकवतेस. बोल, काय पाहिजे?

लेक : काही नको. त्या बँडचा नवा अल्बम आलाय, म्हणून.

बाबा : मागचा ऐकवला होतास. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. तो ड्रमवाला तर कुणावर तरी सूड उगवत होता.

लेक : हा तसा नाही. सगळी मिळून एकच गोष्ट आहे. एका घराचा एक दिवस, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. मध्ये कुठे तुटतच नाही.

बाबा : म्हणजे मला उठायची सोय नाही. लाव.

लेक : (तीन गाणी झाल्यावर) चहा निवला, बाबा.

बाबा : निवू दे. सकाळ बरी जमलीय. गिटार कशी, झोपलेल्यांना जाग येऊ नये अशी वाजते. पण थांब. ड्रम मागे पडतोय.

लेक : नाही हो.

बाबा : मला सांगतेस? जन्म गेला टिकटिक ऐकण्यात. मघाशी ठीक होता, आता चावी संपत आलेल्या घड्याळासारखा रखडतोय. असला माल खपवतात?

लेक : मुद्दाम आहे ते. त्या घरातली आई जिना चढतेय. मुलगा पुढे आहे. तो हाक मारत नाही, घाई करत नाही, नुसती पावलं हळू टाकतो.

बाबा : हे सगळं गाण्यात आहे?

लेक : गाण्यात फक्त आई चढते. मुलगा त्यानं वाजवलाय.

बाबा : त्यानं! त्याच्या मनातलं तुला बरं ठाऊक. कोण आहे हा?

लेक : उद्या घरी आणणार होते त्याला. लग्नाचं बोलायला.

बाबा : अस्सं! तरीच दुकान एवढं चकचकीत.

लेक : चिडलात?

बाबा : मागच्या वेळचा धिंगाणाही ह्याचाच?

लेक : ह्याचाच.

बाबा : तेव्हा तर कुणासाठी थांबत नव्हता.

लेक : तेव्हा त्याची आई धडधाकट होती, बाबा.

बाबा : ...मागे घे जरा. जिन्यापाशी.

लेक : आवडलं?

बाबा : लगेच नाचू नकोस. तपासतोय अजून. ती पोहोचते का वर?

लेक : पोहोचते. दिवे लागतात तेव्हा.

बाबा : मग उद्या आईलाही घेऊन ये म्हणावं. आपल्या जिन्याचा कठडा हलतो. सकाळी ठोकून ठेवतो.